माइक चार बोटांवर, भोंगा पाठीशी

वाचकाचं पत्र:

"मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. मैत्रिणीसोबत वऱ्हाडी बोलीत पॉडकास्ट सुरू केलाय, आतापर्यंत सात भाग झाले. ग्रामसभा, प्रचारसभा, कृषी प्रदर्शन, जत्रा, जिथं माणसं जमतात तिथं आम्ही जातो आणि तिथंच मुलाखती घेतो. सामान म्हणजे एक मोबाइल आणि कॉलरला लावायचे दोन वायरलेस माइक. पण घरी येऊन ऐकलं की डोक्याला हात लावायची पाळी. सभेतलं भाषण विहिरीतून आल्यासारखं वाटतं. प्रदर्शनात वायरलेसचा आवाज मधेच तुटतो. घरात बसून घेतलेल्या मुलाखतीत माणसापेक्षा कुलरच जास्त बोलतो. एका पुढाऱ्यानं तर माइक हातात घेतला तो वीस मिनिटं सोडलाच नाही. आता दहाएक हजार रुपये जमलेत. माइक घेऊ की रेकॉर्डर? की आधी दुसरंच काही शिकू?"

ताई, ते दहा हजार आठवडाभर डब्यातच राहू द्या. आधी एक फुकटचा प्रयोग करा. मैत्रिणीला अंगणात उभं करा, मागं टीव्ही मोठ्यानं लावा आणि तिचं एकच वाक्य तीनदा रेकॉर्ड करा. पहिल्यांदा मोबाइल तोंडापासून हातभर लांब, मग फूटभर, मग चार बोटांवर. हेडफोन लावून तिन्ही ऐका. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. फूटभरावरून चार बोटांवर आलात की १२ डेसिबल पदरात पडले, आणि मागचा टीव्ही मात्र होता तेवढाच राहिला. एवढा फरक पाडणारं यंत्र दहा हजारांत मिळत नाही. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन या अंतराच्याच आहेत. चौथी त्या पुढाऱ्याची, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी ती विहीर. भोंगा बनवलेलाच असतो आवाज लांब फेकायला. आवाजातला खालचा भरदार भाग तो गिळतो आणि मधला कर्कश भाग पुढं ढकलतो. त्यात मंडपवाल्यानं चार खांबांवर चार भोंगे बांधलेले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे जवळच्या भोंग्यापेक्षा ३४ मीटर लांबचा भोंगा तेच वाक्य सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं उशिरा ऐकवतो. चार भोंग्यांचे चार उशीर एकमेकांवर चढले की झाली विहीर. सॉफ्टवेअरनं ती थोडी झाकता येते, बुजवता येत नाही. तेव्हा भोंग्यातून भाषण घेणं आजपासून बंद.

भाषण घ्यायचं ते साउंडवाल्याच्या मशीनमधून. त्यासाठी सभेच्या तासभर आधी पोचा. तेव्हा तो तारा अंथरत असतो, बोलायला मोकळा असतो. पुढाऱ्यांच्या गाड्या आल्यावर तो तुमच्याकडे बघायचाही नाही. आयोजकांची परवानगी घेतली आहे हे आधी सांगा आणि मग विचारा, "भाऊ, मशीनला लाइन आउट किंवा रेकॉर्ड आउट आहे का?" बहुतेक मिक्सरला आणि बऱ्याच ॲम्प्लिफायरला ते, म्हणजे आवाज बाहेर काढायचं भोक, असतं. सोबत दोन तारा ठेवा: एक दोन आरसीए पिनांची, दुसरी मोठ्या ६.३५ मिमी जॅकची, आणि दोन्हींचं दुसरं टोक रेकॉर्डरला लागणाऱ्या ३.५ मिमी स्टीरिओ पिनेचं.

इथं दोन ठिकाणी घात होतो. एक, भोंग्यांकडे जाणाऱ्या तारेला चुकूनही काही जोडू नका. गावोगावच्या ॲम्प्लिफायरवर भोंग्यांसाठी १०० व्होल्टची लाइन असते. रेकॉर्डर तर जातोच, जोडणाऱ्यालाही झटका बसू शकतो. दोन, लाइनचा सिग्नल माइकच्या सिग्नलच्या शंभरपट तरी मोठा असतो. तो थेट माइकच्या भोकात घातला तर लेव्हल कितीही खाली ओढा, आवाज फाटलेलाच येतो, कारण फाटतो तो लेव्हलच्या बटणाआधी. रेकॉर्डरच्या मेनूत लाइन इनपुट असेल तर ते निवडा. नसेल तर तारेतच आवाज दाबून घ्या: प्रत्येक चॅनेलला सिग्नलच्या तारेत १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढं सिग्नल व तारेतलं ग्राउंड यांच्यामध्ये १०० ओहमचा. एवढ्यानं ४० डेसिबल कमी होतात. तालुक्याच्या गावी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही हे अर्ध्या तासात डागून देईल, रेझिस्टरला पैसे असे फारसे लागतच नाहीत. आणि रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. मंडपाच्या जनरेटरवर चार्जिंगला लावलात की ५० हर्ट्झची घूंऽऽ भाषणाखाली येऊन बसू शकते.

मशीनमधून फक्त माइकवर बोलणारा येतो. टाळ्या, घोषणा, मागून कोणी ओरडून विचारलेला प्रश्न, यातलं काही येत नाही, आणि मग गजबजलेली सभा रिकाम्या मंडपात झाल्यासारखी वाटते. म्हणून मोबाइल मैत्रिणीच्या हाती देऊन तिला लोकांत बसवा, दोन भोंग्यांच्या मध्ये नाही, बाजूला. नंतर ते रेकॉर्डिंग भाषणाखाली हळू आवाजात लावायचं. दोन्ही जुळवायला सोपं जावं म्हणून सुरुवातीला मशीनच्या माइकजवळ एक टाळी वाजवून घ्या.

मशीनला आउट नसलं तर? तारेचा कॉलर माइक पोडियमच्या माइकच्या दांड्याला चिकटपट्टीनं बांधा, रेकॉर्डर पोडियमच्या आतल्या फळीवर ठेवा. साउंडवाल्याला आधी सांगा. न सांगता लावलेली वस्तू तो ऐन भाषणात उचलून फेकतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

आता दहा हजार. आमच्या मते आणखी वायरलेसमध्ये एक रुपयाही घालू नका. घ्या तो तारेचा, हातात धरायचा डायनॅमिक माइक, कीर्तनकार आणि भजनी मंडळं वापरतात तसला. नागपूर-अमरावतीच्या साउंडच्या दुकानांत आहुजा कंपनीचे असे माइक मिळतात, ते पुरेत. शूअरचा एसएम५८ परवडला तर उत्तम, नाही परवडला तर अडत नाही. डायनॅमिक माइक थोडा बहिरा असतो, आणि गर्दीत तेच हवं असतं: तोंडाजवळचं ऐकतो, दहा फुटांवरचं फारसं मनावर घेत नाही. अशा माइकला बहुधा चालू-बंदचं बटण असतं. ते चालूवर ठेवून वर इन्सुलेशन टेप मारून टाका. बोलणाऱ्याचा अंगठा कधी कुठं जाईल सांगता येत नाही.

उरलेल्यातून छोटा रेकॉर्डर घ्या. झूमचा एच१ इसेन्शियल किंवा टॅस्कॅमचा डीआर-०५एक्स, दोन्हींना ३.५ मिमीचं माइक इनपुट आहे. झूमचा ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, त्यामुळं लेव्हल थोडी चुकली तरी नंतर सावरता येते. कोणी मधेच ओरडलं की दचकायला नको. फक्त लाइनचा मोठा सिग्नल माइकच्या इनपुटातच फाटला तर तिथं फ्लोटही हात टेकतो. बजेटमध्ये रेकॉर्डर बसत नसेल तर सध्या मोबाइलच चालवा, पण त्याला चार भागांची, म्हणजे तीन काळ्या रेघांची, टीआरआरएस पिन लागते. कॅमेऱ्यासाठीची तीन भागांची, दोन रेघांची पिन लावली की मोबाइल गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि तुम्हाला ते घरी गेल्यावर कळतं. त्यावर छोटं अडॅप्टर मिळतं. तपासायचं कसं? रेकॉर्ड लावून मोबाइलच्या खालच्या कडेवर नखानं टिचकी मारा. मोठ्यानं आली तर बाहेरचा माइक लागलेलाच नाही.

डायनॅमिक माइकची तार बहुधा एक्सएलआरची असते, साउंडवाले तिला कॅनन म्हणतात. तिचं दुसरं टोक करून घेताना कारागिराला नीट सांगा: कॅननची पिन २ जाईल ३.५ मिमी पिनेच्या टोकाला आणि मधल्या रिंगला, दोन्हींना. पिन १ आणि ३ जातील मागच्या भागाला. साधी मोनो पिन लावली तर मुलाखत एकाच कानात ऐकू येते. रेकॉर्डरच्या मेनूत प्लग-इन पॉवर (छोट्या माइकला रेकॉर्डर पुरवतो ती वीज) बंद ठेवा, डायनॅमिकला ती लागत नाही. शांत खोलीत या जोडणीत थोडी सरसर ऐकू येईल. सभेत आणि बाजारात ती कानाला जाणवणार नाही.

सेटिंग एकदाच करा आणि विसरा: वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (झूमवर ३२-बिट फ्लोटच राहतं, फाइल थोडी मोठी होते). मिनिटाला साधारण ८.६ एमबी, तासाला ५२० एमबीच्या आसपास; ३२ जीबीचं कार्ड साठ तास पुरतं. लेव्हलच्या मीटरवर बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास हलू द्या, जोराचा शब्द उणे १२ ते उणे ६ पर्यंत गेला तर चालेल, शून्याला लागता कामा नये. कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर आधी एअरप्लेन मोड. कितीतरी मुलाखती "हॅलो, कुठं आहेस?"नं मेल्या आहेत. आणि तारेचे हेडफोन कानाला हवेतच. एका कानाला लावलात तरी चालेल, पण रेकॉर्डिंग चालू असताना ऐका.

माइक धरायची रीत. हनुवटीच्या जरा खाली, तोंडाकडे तिरपा, चार बोटांवर. सरळ तोंडासमोर धरला की "पाऊस", "भाव", "फवारणी" अशा प्रत्येक शब्दाला फट्‌फट् वाजतं. वर फोमची टोपी लावा. उघड्या शेतात फोमवर केसाळ कव्हरही हवं, नाहीतर फेब्रुवारी-मार्चचा वारा सगळं खातो. तार मनगटाभोवती एकदा गुंडाळून घ्या म्हणजे ओढली गेली तरी माइक खडखडत नाही. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या त्या हातात नकोत. प्रश्न विचारताना माइक स्वतःकडे, प्रश्न संपायच्या आत समोरच्याकडे. एवढी लय बसायला पाच-सहा मुलाखती जातात.

आणि उभं कुठं राहायचं? असा माइक मागच्या बाजूनं सगळ्यात कमी ऐकतो. मुलाखत घेताना ती मागची बाजू तुमच्याकडं असते. म्हणून भोंगा, डीजे, जनरेटर, जे काही बोंबलत असेल ते तुमच्या पाठीशी ठेवा आणि पाहुण्याला त्याच्याकडे तोंड करून उभं करा. उलटं वाटतं, पण करून बघा. स्वतःचा प्रश्न थोडा गोंगाटात आला तर काही बिघडत नाही, तो घरी पुन्हा बोलून घेता येतो. शक्य असेल तर पन्नास पावलं बाजूलाच जा. मंडपाबाहेर काचा वर करून उभी असलेली गाडी हा खेड्यातला सर्वांत चांगला स्टुडिओ आहे. मे महिन्यात मात्र दहा मिनिटांच्या वर कोणाला कोंडू नका, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या उन्हात तर पाचच. मोबाइल डॅशबोर्डवर ठेवलात तर तो गरम होऊन स्वतःच बंद पडेल.

समाजमंदिर टाळा. टाइल्स, सिमेंटच्या भिंती, वर टिन, एकेक शब्द चारदा ऐकू येतो. कुणाच्या घरी बसायचं झालं तर दिवाळीनंतरच्या दिवसांत एक गोष्ट विचारा: कापूस कुठल्या खोलीत भरलाय? वेचणीचा कापूस छातीइतका रचलेली खोली शहरातल्या फोम लावलेल्या स्टुडिओइतकी शांत असते, आवाज त्यात मुरतो. टाळी वाजवून बघा, परत येणारच नाही. तूर, सोयाबीनची पोती रचलेली खोलीही चालते. बाकीच्या दिवसांत गाद्यांची चळत पाहुण्याच्या समोर, म्हणजे तुमच्या मागं, लावून घ्या.

कुलरला तर उपायच नाही, तो बंद करावा लागतो. सॉफ्टवेअरनं कुलर काढला की माणूस डब्यात बसून बोलतोय असं वाटतं. उन्हाळ्यात मुलाखत सकाळी सहा ते आठमध्ये घ्या, किंवा कुलर दहा मिनिटं बंद करून एक तुकडा घ्या, पाणी प्या, पुन्हा दहा मिनिटं. पंखाही तसाच. निघताना कोणीही न बोलता त्या जागेचा ३० सेकंद आवाज रेकॉर्ड करा. कापाकापी करताना जोडाच्या जागी तोच कामी येतो.

तुमचे वायरलेस फेकू नका. ते बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथंच. प्रदर्शनात स्टॉलगणिक वायफाय आणि खिशागणिक मोबाइल असतो, शिवाय माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं. रिसीव्हर तुमच्या मागच्या खिशात आणि मध्ये चार माणसं असली तर आवाज तुटणारच. दोन-तीन मीटरच्या आत, समोरासमोर, मध्ये कोणी नाही, असं असेल तर चालतील. क्लिप हनुवटीखाली एक मूठ अंतरावर लावा. बायांच्या मंगळसूत्राला आणि माळकऱ्यांच्या तुळशीमाळेला ती लागली की सतत टिकटिक येते, तेव्हा पदराच्या घडीला बाजूनं लावा. बुजुर्गांच्या खांद्यावरचा दुपट्टा तेवढ्यापुरता मांडीवर ठेवायला सांगा.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या मोठ्या कृषी प्रदर्शनात फवारणीच्या ड्रोनजवळ मुलाखत घ्यायची तर ड्रोन उडायच्या आधी किंवा उतरल्यावर घ्या. उडताना फक्त ३० सेकंद त्याचाच आवाज वेगळा टिपून ठेवा, नंतर बोलण्याखाली हळूच सोडता येतो. स्टॉलवरचा माणूस पाठ केलेलं माहितीपत्रक ऐकवतो, त्याला आकड्यांवर आणा: टाकी किती लिटरची, एकराला पाणी किती, एक बॅटरी किती मिनिटं चालते, दुरुस्ती कुठं होते, एकराचं भाडं किती. मग तेच प्रश्न तिथं बघायला आलेल्या शेतकऱ्याला विचारा. दोन उत्तरांमधली तफावत हाच तुमचा भाग.

आता ते पुढारी. माइक कोणाच्याही हातात द्यायचा नाही, ना सरपंचाच्या, ना आमदाराच्या. त्यांनी हात पुढं केला की, "साहेब, तार आखूड आहे, मीच धरते." धरून सोडत नसतील तर हळूच माइक स्वतःकडे वळवा आणि पुढच्या प्रश्नाचा पहिला शब्द बोला. बहुतेक माणसं थांबतात. सभेनंतर त्यांच्याभोवती सेल्फीवाल्यांचा गराडा असतो. तेव्हा वेळ मागायची ती आधी, स्वीय सहायकाकडून, आणि पाच मिनिटांची. एक प्रश्न एका गोष्टीचा. "सिंचन, कर्जमाफी आणि रस्त्याचं काय?" असं विचारलंत तर ते रस्त्यावरच बोलतील.

उत्तर कापलंत तरी दुसऱ्या प्रश्नाला जोडू नका. मूळ फाइल हात न लावता दोन ठिकाणी ठेवा, निवडणूक संपून निकाल लागेपर्यंत तर नक्कीच. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांवर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ चे निर्बंध आहेत, त्या काळात प्रचाराची मुलाखत टाकू नका. बोलणाऱ्यानं तिसऱ्या माणसावर बिनपुराव्याचा आरोप केला तर "ते बोलले, मी नाही" एवढ्यानं सुटका होत नाही. बदनामीच्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, छापणारा-पसरवणाराही येतो. तो तुकडा काढा, किंवा ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घ्या. ग्रामसभेत सुरुवातीलाच सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) सांगून, सगळ्यांना दिसेल असा रेकॉर्डर ठेवा. एखादी बाई दारूबंदीवर किंवा सावकारीवर बोलली असेल तर भाग टाकण्याआधी तिला पुन्हा एकदा विचारा. सभेत बोलणं आणि ते चार तालुक्यांत ऐकू जाणं, यात तिच्यासाठी फार फरक आहे.

प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला पाहुण्याच्याच तोंडून नाव, गाव आणि "रेकॉर्ड करायला माझी हरकत नाही" घ्या. मग तीन मिनिटं पावसापाण्याचं बोला. माइक दिसला की आपल्याकडची माणसं शाळेतली भाषा बोलू लागतात, "आम्हाला अत्यंत आनंद होत आहे" वगैरे. तुम्ही "यंदा कापसाले भाव काय भेटला, काका?" असं विचारलंत की तेही वऱ्हाडीवर येतात, आणि तुमच्या पॉडकास्टला हवं ते तिथून पुढं सुरू होतं. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात मंडईच्या जत्रेला गेलात तर झाडीबोली बोलणाऱ्यांना वऱ्हाडीत ओढू नका.

घरी आल्यावर कापाकापीला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं, ते फुकट आहे. ८० ते १०० हर्ट्झखालचं हाय-पास फिल्टरनं काढा, जनरेटरची घरघर बरीचशी तिथंच जाते. नॉइज रिडक्शन ६ ते १० डेसिबलच्या वर नेऊ नका. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), मोनोला ड्युअल मोनो धरण्याची खूण चालू. एमपी३ मोनो ६४ केबीपीएसवर काढलीत तर तासाचा भाग २९ एमबीच्या आत बसतो. बांधावर नेट रेंगाळतं तिथंही तो उतरतो.

प्रयोगाच्या त्या तीन वाक्यांपैकी चार बोटांवरचं वाक्य मोबाइलवरसुद्धा स्वच्छ आलं, तर पुढच्या दोन सभा मोबाइलवरच करा. पैसे त्यानंतर मोडा, आणि आधी माइक घ्या, रेकॉर्डर मग.